काल पोटात काय काय गेलं? २४ तासांचा आहार-रिकॉल नीट कसा घ्यावा

आहार-सर्वेक्षणातली सगळ्यात महागडी चूक बहुधा भाकरीच्या वजनात होते. फॉर्मवर ‘एक भाकरी = ५० ग्रॅम पीठ’ असं छापलेलं असतं आणि त्या घरातली भाकरी असते ८० ग्रॅमची. दिवसाला तीन भाकऱ्या खाणाऱ्या बाईचं ९० ग्रॅम ज्वारीचं पीठ, म्हणजे जवळजवळ ३०० किलोकॅलरी, कागदावरून गायब होतात. मग अहवालात लिहिलं जातं की या गावातल्या बायकांना ऊर्जा कमी पडते. कमी पडत असेलही, पण या आकड्यावरून ते कळलेलं नसतं. गृहविज्ञान किंवा सामुदायिक आरोग्याचे विद्यार्थी, संस्थांचे क्षेत्र-कार्यकर्ते आणि त्यांच्यावर देखरेख करणारे, अशा सगळ्यांसाठी हे लिहिलं आहे. भर २४ तासांच्या रिकॉलवर, म्हणजे काल दिवसभरात काय आणि किती खाल्लं-प्यायलं ते माणसाला आठवून सांगायला लावण्यावर आहे, कारण आपल्याकडे प्रत्यक्षात सर्वांत जास्त तोच वापरला जातो.

आधी प्रश्न ठरवा, मग पद्धत

‘या वाडीवर सरासरी किती लोह पोटात जातं’ या प्रश्नाला प्रत्येक माणसाचा एका दिवसाचा रिकॉल पुरतो. पण ‘किती टक्के बायकांना लोह कमी पडतं’ असं विचारलं, तर एक दिवस पुरत नाही. एखादीने काल उपवास केलेला असतो, दुसरीकडे काल मटण असतं. अशा चढ-उतारामुळे आकडे दोन्ही टोकांना पसरतात आणि कमतरता आहे त्यापेक्षा मोठी दिसते. त्यासाठी निदान काही जणांकडून, जमलं तर सगळ्यांकडून, दुसऱ्या दिवसाचा रिकॉल घ्यावा आणि तो लागून आलेल्या दिवसाचा नसावा. कालची उरलेली आमटी आजही ताटात असते, त्यामुळे लागोपाठचे दोन दिवस एकमेकांसारखेच निघतात. ‘अ’ जीवनसत्त्व तर एखाद्या दिवशी पालेभाजी किंवा आंबा आला की उसळी मारतं आणि एरवी तळाशी असतं. एका माणसाचं नेहमीचं ‘अ’ जीवनसत्त्व दोन दिवसांवरून सांगायला जाऊ नका.

घरातलं सगळं धान्य, तेल, भाजी वजन करून नोंदवण्याची पद्धत अचूक आहे, पण कार्यकर्त्याला दिवसभर त्या चुलीपाशी बसावं लागतं आणि काटा बघून त्या दिवशी एक भाजी जास्त शिजते. घराचा एकूण शिधा मोजून तो उपभोग-एककांत, म्हणजे प्रत्येकाच्या गरजेप्रमाणे धरलेल्या वाट्यांत, वाटायचीही रीत आहे: बैठं काम करणारा पुरुष १.०, मध्यम कष्टाची बाई ०.९, जड कष्टाचा पुरुष १.६, पाच ते सात वर्षांचं मूल ०.६, असे आयसीएमआरचे (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे) गुणांक. जड कष्ट करणारा बाप, मध्यम कष्टाची आई आणि सहा वर्षांची मुलगी म्हणजे ३.१ एककं. दिवसाला १,२४० ग्रॅम धान्य शिजलं तर दर एककाला ४०० ग्रॅम. आकडा नेटका दिसतो, पण यात घरात प्रत्येकाला गरजेप्रमाणेच वाढलं जातं हे आधीच गृहीत धरलेलं आहे. आईच्या ताटात काय पडलं हेच शोधायचं असेल तर ही पद्धत घेऊ नका.

पिशवीत काय असावं

५ किलोपर्यंत मोजणारा आणि १ ग्रॅमचा फरक दाखवणारा डिजिटल काटा, सोबत जादा सेल. ५०० ग्रॅमचं प्रमाणित वजन, रोज सकाळी काटा तपासायला. काटा सपाट फरशीवरच ठेवावा, शेणाने सारवलेल्या जमिनीवर खाली पाट घ्यावा, नाहीतर आकडा डुलत राहतो. एक लिटरचं आणि १०० मिलिलिटरचं मोजपात्र. मापाच्या वाट्यांचा संच: नॅशनल न्यूट्रिशन मॉनिटरिंग ब्युरोच्या १९७२ पासूनच्या सर्वेक्षणांत असा एकात एक बसणाऱ्या वाट्यांचा संच वापरला जाई, कारण बोलून जे सांगता येत नाही ते वाटी हातात दिली की सांगता येतं. भाकरी-पोळीसाठी पुठ्ठ्याचे गोल, १४ सेंटिमीटरपासून दोन-दोन सेंटिमीटरने वाढत जाणारे. आणि पाणी. माप पाण्यानेच काढायचं असतं आणि टंचाईच्या गावात ते घरातून मागणं बरं नव्हे.

गावात शिरल्यावर पहिल्या दिवशी मुलाखती नकोत. चार-पाच घरांत जाऊन तिथली मापं समजून घ्या. धान्य अजूनही चिपटं, मापटं, शेर, पायलीत सांगितलं जातं आणि शेराचं माप तालुक्यागणिक बदलतं. म्हणून पुस्तकातला आकडा न घेता त्या घरातलं मापटं भरून ज्वारी वेगळी, तांदूळ वेगळा, डाळ वेगळी असं वजन करून ठेवा. कोकणात नि गोव्यात ओलं खोबरं कवडीवर, म्हणजे फोडलेल्या नारळाच्या अर्ध्या भागावर सांगतात. कवड कशी का असेना, किसून निघालेला चव (खोवलेलं खोबरं) किती ग्रॅम भरतो ते दोन-तीन नारळांवर बघून घ्या. तेलाच्या पळीचंही तसंच.

भाकरीचं पीठ असं काढा: परातीत घेतलेलं पीठ थापायला बसण्याआधी तोला, समजा ६०० ग्रॅम. थापताना खाली लावायला घेतलेलं पीठही त्यातच धरा. भाकऱ्या झाल्या की परातीत आणि पाटावर उरलेलं पीठ झाडून तोला, समजा ४० ग्रॅम. ५६० ग्रॅमच्या सात भाकऱ्या झाल्या, तर एकीला ८० ग्रॅम. असं निदान आठ-दहा घरांत करावं, कारण शेतावर न्यायची भाकरी आणि घरी खायची भाकरी पुष्कळदा सारखी नसते. शिजलेल्या भाकरीचं वजन घेऊन त्यावरून पीठ काढू नका. त्यात पाणी किती राहिलं हे तव्यावर आणि भाजणाऱ्या हातावर असतं.

दिवस कोणता

पुष्कळ घरांत मांसाहार बुधवार, शुक्रवार आणि रविवारीच होतो. तुमची टीम सोमवारी, गुरुवारी आणि शनिवारी ‘काल’ची चौकशी करते का, की मंगळवारी आणि शुक्रवारी, हे वेळापत्रकात बघा. ‘काल’ हा नेहमी सोमवार, गुरुवार किंवा शनिवार पडत असेल, तर मासळी खाणारं अख्खं गाव शाकाहारी निघेल. आठवड्याचे सातही दिवस ‘काल’ म्हणून जवळपास सारखे यायला हवेत. रविवारची सुट्टी घेतली की सोमवारी ‘काल रविवारी काय झालं’ विचारता येतं, पण शनिवारचा दिवस हरवतो. त्याची भरपाई महिन्यातल्या एखाद्या रविवारी करावी लागते.

आठवडी बाजाराचंही तसंच. बाजाराच्या दुसऱ्या दिवशी मेथी, वांगी, टोमॅटो असतात. पाचव्या-सहाव्या दिवशी ताटात बटाटा, बेसन आणि ठेचा उरतो. फॉर्मवर ‘बाजार होऊन किती दिवस झाले’ असा एक रकाना ठेवा, तो पुढे फार उपयोगी पडतो. लग्न, जत्रा, तेरावं असे दिवस टाळावेत. साधा उपवास मात्र टाळायचा नाही. चतुर्थी, एकादशी, सोमवार, गुरुवार हे सगळं माणसाच्या नेहमीच्या खाण्याचाच भाग आहे. तो वगळला तर साबुदाणा आणि शेंगदाणे दोन्ही हिशेबातून जातात. श्रावण आणि मार्गशीर्ष वेगळे नोंदवा. एकाच ऋतूत केलेल्या सर्वेक्षणाला ‘वर्षभराचा आहार’ म्हणू नका.

मुलाखत: पाच फेऱ्या

अमेरिकेच्या कृषी खात्याने बेतलेली पाच फेऱ्यांची पद्धत जगभर वापरात आहे. ती मराठी घरात अशी बसते.

पहिल्या फेरीत फक्त यादी. माणसाला अडवायचं नाही, प्रमाण विचारायचं नाही. सुरुवात ‘काल जेवलात काय?’ अशी करू नका. जेवण म्हणजे भात-भाकरी, बाकी सगळं बाहेर राहतं. म्हणा, ‘मावशी, काल सकाळी उठल्यापासून आज सकाळी उठेपर्यंत तोंडात काय काय गेलं, खाल्लेलं-प्यायलेलं सगळं, आठवेल तसं सांगा.’ उत्तर कसंही उलटसुलट येऊ द्या.

दुसरी फेरी विसरलेल्या पदार्थांची, आणि खरं काम इथे असतं. चहा किती वेळा, बिस्किट-खारी-टोस्ट त्यात बुडवून, शेतात तोडून खाल्लेली काकडी किंवा हरभऱ्याचा घाटा, बोरं-चिंचा, पानात घेतलेलं लोणचं-चटणी, तोंडी लावायला शेंगदाणे, मुलाच्या पुड्यातलं दोन घास फरसाण, देवाचा प्रसाद, शेजारणीकडचा चहा, गोळ्या आणि टॉनिक. एकेक नाव घेऊन विचारा, पण सूर ‘खाल्लं असेलच ना’ असा नको. ‘दूध घेतलं का?’ असं विचारलं की गरोदर बाई हो म्हणते, कारण घ्यायला हवं हे तिला अंगणवाडीत सांगितलेलं असतं. दारूबद्दल चारचौघांत विचारू नका.

‘काल मला उपवास होता, काही खाल्लं नाही,’ हे वाक्य हमखास ऐकू येतं. त्यावर पुढचा प्रश्न: ‘मग फराळाला काय केलं होतं?’ आणि मग साबुदाण्याची खिचडी, दाण्याचं कूट, केळी, दोनदा चहा असं सगळं निघतं. खिचडी किती झाली, त्यात कूट किती पडलं, ते कोणत्या वाटीने घेतलं, इथवर जावं लागतं. शेंगदाण्यात १०० ग्रॅमला साधारण ५२० किलोकॅलरी असतात. मुठभर कूट सुटलं तर उपवासाच्या दिवशी ती बाई जवळजवळ निराहार दिसते.

तिसऱ्या फेरीत प्रत्येक पदार्थाला वेळ आणि जागा लावायची. घड्याळाची वेळ सांगता येत नसेल तर कामांवरून बोला: धारा काढायच्या आधी, पोरं शाळेत गेल्यावर, खुरपणीत सुट्टी झाली तेव्हा, दिवेलागणीला. वेळ लागली की मधली रिकामी जागा दिसते. सकाळी नऊ ते दुपारी तीन काहीच नाही आणि बाई शेतात होती, तर न्याहारी कुठे गेली?

चौथी फेरी तपशिलाची आणि मापाची. ‘भाजी’ म्हटल्यावर थांबू नका. भाजीत पालेभाजी, बटाटा, उसळ, पिठलं सगळं बसतं. कालवण म्हणजे कुठे माशाचं, कुठे नुसत्या डाळीचं. कोणाकडे पोळी, कोणाकडे चपाती. एकाच गावात पोळी म्हणजे पुरणपोळीही असते. नाव झालं की कशात केलं, तेल कोणतं, कूट किंवा खोबरं घातलं का. मग माप, आणि ते तिच्या घरातल्या भांड्यावर. ‘तुम्ही कालची आमटी कोणत्या वाटीत घेतली ती दाखवता?’ वाटी आली की तिच्या हाताने पाणी ओतायला सांगा, जितकी आमटी होती तितकंच. तेच पाणी मोजपात्रात. वाटी काठोकाठ भरून मोजली तर दर वेळी २०–३० मिलिलिटर जास्त लिहिलं जातं. ‘थोडीशी’, ‘जराशी’, ‘अर्धी वाटी’ हे शब्द फॉर्मवर लिहायचे नाहीत, आकडा लिहायचा.

पाचवी फेरी म्हणजे सगळं वाचून दाखवणं. ‘सकाळी चहा-खारी, दहाला भाकरी नि वांग्याची भाजी… बरोबर? याशिवाय काही?’ पुष्कळदा इथेच ‘अगं हो, रात्री दूधभात राहिला की’ असं येतं. या फेरीला दोन मिनिटं लागतात. दिवसभरात दहा घरं करायची घाई असली की पहिल्यांदा हीच गाळली जाते, म्हणून दिवसाला पाच-सहा घरांपेक्षा जास्त लक्ष्य देऊ नये.

सल्ला मुलाखतीत नको. ‘ताई, पालेभाजी खात जा’ एवढं पहिल्या पानावर म्हटलं की दुसऱ्या पानावर पालेभाजी उगवते.

पातेल्यातून ताटात

एका माणसाच्या वाट्याला कच्चा माल किती आला हे असं काढतात: पदार्थात पडलेला कच्चा जिन्नस, गुणिले त्या माणसाने घेतलेलं शिजलेलं माप, भागिले एकूण शिजलेलं माप. समजा, आमटीला तूरडाळ १५० ग्रॅम, तेल २० मिलिलिटर, आणि आमटी झाली १,५०० मिलिलिटर. बाईने १५० मिलिलिटरच्या वाटीने दीड वाटी, म्हणजे २२५ मिलिलिटर घेतली. तिच्या पोटात डाळ गेली १५० × २२५ ÷ १,५०० = २२.५ ग्रॅम. तेलाचे २० मिलिलिटर म्हणजे १८.४ ग्रॅम, कारण तेलाची घनता साधारण ०.९२. त्यातलं तिच्या वाट्याला २.८ ग्रॅम.

एकूण माप काढायला काल आमटी पातेल्यात कुठवर होती ते बोटाने दाखवायला सांगा आणि तिथवर पाणी भरून मोजा. आमटी आटली का, नंतर पाणी वाढवलं का, रात्री उरलेलीत पुन्हा डाळ पडली का, हेही विचारा. एका गोष्टीकडे मात्र लक्ष असू द्या: शेवटी जेवणाऱ्या बाईच्या वाटीत बऱ्याचदा वरचं पाणी जास्त आणि डाळ कमी असते. सूत्र हे पकडत नाही. ‘पातळ/दाट’ अशी खूण फॉर्मवर ठेवा, म्हणजे विश्लेषणात निदान तो फरक वेगळा काढून बघता येतो.

फोडणीचं तेल कोणी खरं सांगत नाही, आणि त्यात खोटेपणा नसतो, हातच मोजत नसतो. पडताळा म्हणून विचारा: एक लिटरची पिशवी किती दिवस पुरते, घरात जेवणारी किती? पाच माणसांत ती दहा दिवस पुरत असेल तर माणशी दिवसाला २० मिलिलिटर. रिकॉलमधून माणशी ६ निघत असेल तर पळी पुन्हा मोजा.

आईच्या ताटात जेवणाऱ्या लहान मुलाचं खाणं आईच्या हिशेबातून वजा करायचं असतं, हे सर्रास विसरतं. घास दाखवायला सांगा, चार घास तोला, सरासरी काढा. शाळेत जेवणाऱ्या मुलासाठी योजनेचं प्रमाण (प्राथमिकला धान्य १०० ग्रॅम, डाळ २० ग्रॅम) लिहून मोकळं होऊ नका. ते मंजूर प्रमाण आहे. त्या दिवशी मुलाने किती घेतलं आणि किती टाकलं ते शाळेत जाऊनच कळतं. माशाचं आणि मटणाचं वजन काटे-हाडं वगळून, फळाचं साल-बी वगळून.

खाद्यवारंवारितेची प्रश्नावली

महिन्याभराची किंवा वर्षाची सवय हवी असेल तर ‘हा पदार्थ किती वेळा’ असं विचारणारी प्रश्नावली लागते. परदेशी यादी भाषांतरित करून वापरू नका. आधी त्याच भागात रिकॉल घ्या, त्यात आलेल्या पदार्थांवरून ८० ते १२० नावांची यादी बांधा आणि ऋतूचे पदार्थ (हुरडा, आंबा, रानभाज्या) ‘हंगामात किती वेळा’ असे वेगळे विचारा. यादी लांबली की भाज्या फुगतात. पंधरा भाज्यांना प्रत्येकी ‘आठवड्यातून दोनदा’ मिळालं की आठवड्याला तीस भाज्या होतात आणि घरात शिजतात दिवसाला दोन, म्हणजे चौदा. म्हणून शेवटी एक पडताळ्याचा प्रश्न ठेवा, ‘दिवसाला भाजी किती वेळा शिजते’, आणि त्या प्रमाणात आकडे खाली आणा. या प्रश्नावलीवरून माणसांचा क्रम लावता येतो, कोण जास्त कोण कमी. ग्रॅममध्ये नेमका आकडा तिच्याकडून मागू नये. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या ‘ओपन’ अभ्यासात ४८४ प्रौढांच्या सांगण्याची तुलना समस्थानिकयुक्त पाणी पाजून मोजलेल्या, शरीराने प्रत्यक्ष खर्चलेल्या ऊर्जेशी केली. रिकॉलमध्ये पुरुषांनी १२ ते १४ टक्के, स्त्रियांनी १६ ते २० टक्के ऊर्जा कमी सांगितली होती. प्रश्नावलीत ही तूट दोघांतही तीस टक्क्यांच्या वर गेली.

फक्त आहारातली विविधता बघायची असेल तर १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांसाठी दहा अन्नगटांचं मोजमाप आहे. काल पाच किंवा जास्त गटांतलं खाल्लं असेल तर किमान विविधता साधली. यात बटाटा धान्याच्या गटात जातो, भाजीत नाही. वरून भुरभुरलेली कोथिंबीर पालेभाजी होत नाही आणि चहातलं चमचाभर दूधही धरायचं नाही, एका गटासाठी निदान १५ ग्रॅम पोटात जायला हवं.

संगणकात भरताना

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या भारतीय अन्नघटक तक्त्यांत ५२८ पदार्थ आहेत आणि ऊर्जा किलोज्यूलमध्ये दिली आहे. किलोकॅलरीसाठी ४.१८४ ने भागा. ज्वारी १,३९८ किलोज्यूल म्हणजे ३३४ किलोकॅलरी, बाजरी ३४८, तांदूळ ३५६. जुन्या पुस्तकात ज्वारी ३४९ दिसेल. अर्धे पदार्थ जुन्या तक्त्यातून आणि अर्धे नव्यातून घेऊ नका. ते आकडे कच्च्या जिनसाचे आहेत हे प्रत्येक ऑपरेटरला दाखवून द्या. १५० ग्रॅम भात ‘तांदूळ’ या संकेतांकावर चढवला तर ५३४ किलोकॅलरी होतात. भात शिजून अडीच-तीन पट होतो, त्यामुळे खऱ्या त्या १८० ते २१५.

मग संध्याकाळी त्या दिवसाचे फॉर्म चाळा, टीम गावातच असताना. ऊर्जा भागिले आधारभूत चयापचय (बीएमआर, म्हणजे नुसतं पडून राहिलं तरी शरीर दिवसाला खर्चतं ती ऊर्जा) हे गुणोत्तर काढा. ३५ वर्षांच्या, ४५ किलोच्या बाईचा बीएमआर शोफिल्डच्या समीकरणाने सुमारे १,२१० किलोकॅलरी येतो. हे समीकरण भारतीयांत तो काहीसा जास्त दाखवतं, तेवढी सूट धरा. रिकॉलमधून ९०० आले तर गुणोत्तर ०.७४. एका दिवसाच्या रिकॉलमध्ये १.० च्या खाली आलेला फॉर्म बाजूला काढून बघा: उपवास होता का, आजारी होती का, न्याहारी सुटली का, तेल लिहिलंय का. उपवास असेल तर तो फॉर्म तसाच ठेवायचा. काहीच सापडलं नाही तर दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच घरी जाऊन दुसरी फेरी पुन्हा करायची. नुसता आकडा लहान आहे म्हणून फॉर्म काढून टाकायचा नाही. खरोखर कमी खाणारी माणसंच आपण शोधायला निघालेलो असतो, आणि अशाने तीच पहिल्यांदा यादीतून जातात. वरच्या बाजूलाही बघा: २.४ च्या पुढे गेलेल्या फॉर्मवर बहुतेक वेळा भाताचा संकेतांक चुकलेला असतो किंवा अख्ख्या घराची आमटी एकीच्या नावावर पडलेली असते.